विनोदी नाटकाची घडण

नाटक पाहून घरी परतलेल्या माणसाला ‘नाटक कसे झाले?’ असे विचारले, तर तो बहुधा नटांविषयी बोलतो. अमक्याने काम झकास केले, तमक्याच्या भाषणाला टाळ्या पडल्या, तिसऱ्याची फजिती पाहून हसता हसता मुरकुंडी वळली, असे तो सांगतो. नाटक विनोदी असेल तर त्यातली दोनचार वाक्येही तो म्हणून दाखवतो. पण गंमत अशी, की ऐकणाऱ्याला तितकेसे हसू येत नाही. ज्या वाक्याला नाट्यगृहात हशा पिकला, तेच वाक्य ओसरीवर बसून ऐकताना फिके का वाटावे?

याचे कारण असे, की हशा त्या वाक्यात नव्हताच. ते वाक्य कोणी उच्चारले, कोणत्या क्षणी उच्चारले, त्यापूर्वी आपण काय पाहिले होते आणि बोलणाऱ्याला त्यातले काय ठाऊक नव्हते, या सर्वांच्या मेळातून तो हशा निर्माण झाला होता. देवळाच्या कमानीतला एखादा दगड काढून हाती घेतला तर तो नुसता दगड असतो. कमानीत आपल्या जागी बसला म्हणजे तोच डोक्यावरचा भार तोलून धरतो. नाटकातल्या वाक्याचेही तसेच आहे. या जागा ठरवण्याच्या कौशल्याला नाटकाची रचना किंवा घडण म्हणतात. ही घडण नुसते हसवीत नाही, तर नाटककाराला जे सांगायचे असते तेही ती सांगते, आणि पुष्कळदा कोणत्याही पात्राच्या भाषणापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते. हे कसे घडते, ते आपण मराठी रंगभूमीवरील एका प्रसिद्ध नाटकाच्या आधारे पाहू.

ते नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’. देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. नाट्यकलेचे धडे त्यांनी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात घेतले. बालिकेचा वृद्धाशी विवाह लावण्याच्या दुष्ट रूढीवर प्रहार करणारे ‘शारदा’ हे त्यांचे नाटक १८९९ साली आले आणि त्याने सारा महाराष्ट्र हेलावून टाकला. त्यापूर्वी, १८९३ साली, त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ नावाचे एक गद्य प्रहसन लिहिले होते. पुढे त्यालाच त्यांनी पदांची जोड दिली आणि ‘संशयकल्लोळ’ या नावाने गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी, हा प्रयोग होण्यापूर्वीच, देवल निवर्तले होते. फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस या श्रेष्ठ नटाने मोठी कीर्ती मिळवली.

या नाटकाचे कथानक मुळात देवलांचे नव्हे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० साली पॅरिस येथे एक एकांकी पद्यमय प्रहसन सादर केले. शंभर वर्षांनंतर, १७६१ साली, आर्थर मर्फी याने त्यावरून इंग्रजीत पाच अंकी सुखात्मिका रचली आणि तिच्या आधारे देवलांनी आपले नाटक सिद्ध केले. भाषा तीन, देश तीन, माणसांच्या चालीरीती तीन प्रकारच्या. तरी हशा मात्र तिन्ही ठिकाणी त्याच जागी पिकतो. शब्द बदलले तरी जे टिकून राहिले ती या नाटकाची घडण होय. देवलांचे यश असे, की त्यांनी त्या घडणीत मराठी घर, मराठी संसार आणि मराठी बोलणे इतके बेमालूम बसवले, की हे नाटक परक्या भाषेतून आले आहे अशी शंकाही प्रेक्षकाच्या मनाला शिवत नाही.

आता कथेकडे वळू. फाल्गुनराव हा प्रौढ वयाचा, कमालीचा संशयी गृहस्थ. त्याची पत्नी कृत्तिका. संशयाच्या बाबतीत तीही नवऱ्याला हार जाणारी नव्हे. दुसरीकडे आश्विनशेठ नावाचा तरुण आणि रेवती नावाची तरुणी यांचे परस्परांवर मन जडले आहे. आश्विनशेठची एक तसबीर रेवतीजवळ असते. एकदा वाटेत रेवतीला भोवळ येते. फाल्गुनराव जवळच असतो. तो माणुसकीने पुढे होऊन तिला सावरतो. नेमक्या त्याच वेळी कृत्तिकेची दृष्टी तिकडे जाते. आपला नवरा एका परक्या तरुणीला आधार देऊन उभा आहे, एवढेच तिला दिसते. त्याआधीची भोवळ तिने पाहिलेली नसते. झाले! तिच्या मनात संशयाची ठिणगी पडते.

या गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते आणि ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळीत असताना फाल्गुनराव तिला पाहतो. आपली बायको कोणा देखण्या तरुणाच्या तसबिरीकडे टक लावून पाहते आहे, एवढेच त्याला दिसते. ती तिला रस्त्यात सापडली हे त्याला दिसलेले नसते. दुसरी ठिणगी पडते. पुढे तसबीर फाल्गुनरावाच्या ताब्यात जाते. आपण रेवतीला प्रेमाने दिलेली वस्तू या गृहस्थाजवळ कशी, असा प्रश्न पडून आश्विनशेठच्या मनात रेवतीविषयी किल्मिष येते. ही तिसरी ठिणगी. आणि आश्विनशेठचा कृत्तिकेशी काही संबंध असावा असे वाटून रेवतीही त्या आगीत सापडते. चार माणसे, चार संशय, आणि ज्यांच्याविषयी संशय घ्यावा असा अपराध मात्र एकाचाही नाही!

मुलांनो, या घटनांचा क्रम नीट ध्यानात घ्या. नाटककाराने प्रत्येक प्रसंगी एकच युक्ती योजली आहे. पात्र रंगभूमीवर येते ते क्षणभर उशिरा. घटनेचा आरंभ होऊन गेलेला असतो आणि मधलाच भाग त्याच्या दृष्टीस पडतो. कृत्तिका दोन क्षण आधी आली असती तर तिने रेवतीला भोवळ येताना पाहिले असते आणि तिनेच धावत जाऊन पाणी आणले असते. फाल्गुनराव दोन क्षण आधी आला असता तर तसबीर जमिनीवरून उचलली जाताना त्याला दिसली असती. म्हणजे ‘या वेळी या पात्राचा प्रवेश’ अशी जी साधी सूचना आपण नाटकाच्या पुस्तकात कंसात वाचतो आणि सोडून देतो, तिच्यातच नाटकाचा अर्थ दडलेला आहे. अर्धवट पाहिलेल्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग माणसाचे मन स्वतः रचते, आणि संशयी मन तो नेहमी वाईटच रचते, ही गोष्ट येथे कोणी भाषण करून सांगत नाही. प्रवेशांची वेळच ती सांगते.

दुसरी गोष्ट तसबिरीची. तसबीर बोलत नाही, हलत नाही. तरीही हे सारे नाटक तिच्याभोवती फिरते. १८९३ सालच्या प्रहसनाच्या नावातच तिला मानाचे स्थान दिले होते, हे तुम्ही पाहिलेच. रेवतीजवळ असताना ती प्रेमाची खूण असते. रस्त्यावर पडली की ती बेवारशी वस्तू होते. कृत्तिकेच्या हाती ती नुसते कुतूहल असते, फाल्गुनरावाच्या दृष्टीने तो बायकोविरुद्धचा पुरावा ठरतो आणि आश्विनशेठला ती विश्वासघाताची निशाणी वाटते. तसबीर तीच, तिच्यावरचा रंगाचा एक ठिपकाही बदललेला नसतो. ती ज्याच्या हाती जाते त्याच्या मनासारखा तिचा अर्थ होतो. एकच वस्तू हातोहात फिरवून नाटककाराने हे दाखवून दिले की अर्थ वस्तूवर लिहिलेला नसतो. पाहणाराच पुष्कळदा तो आपल्या पदरचा घालतो.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. गोष्ट सांगताना तेच तेच सांगितले तर ऐकणारा कंटाळतो. मग येथे एकाच प्रकारचा गैरसमज पुनःपुन्हा घडत असता आपण का कंटाळत नाही? पहिल्या वेळी आपण कृत्तिकेला हसतो. दुसऱ्या वेळी फाल्गुनरावाची पाळी येते, तेव्हा आपण मनाशी म्हणतो, ‘अरे, नवराही बायकोच्याच माळेतला मणी!’ तिसऱ्या वेळी मात्र आपण आधीच सावरून बसतो. आता हाही फसणार, हे आपल्याला कळलेले असते आणि तो फसला की हशा दुप्पट होतो. शिवाय या पुनरावृत्तीत एक विचारही आहे. एकच माणूस संशयी दाखवला असता तर आपण तो त्या माणसाचा दुर्गुण म्हणून सोडून दिला असता. परंतु प्रौढ फाल्गुनराव फसतो, तशी त्याची पत्नी फसते, आणि इतका समंजस, प्रेमळ आश्विनशेठ, तोही फसतो. तेव्हा हा दोष एकट्या फाल्गुनरावाचा नसून माणसाच्या मनाचाच आहे, असे आपल्याला हसता हसता पटते.

या नाटकातील जोड्यांची मांडणीही अशीच बोलकी आहे. एक जोडपे संसारात मुरलेले, दुसरे संसाराच्या उंबरठ्यावर उभे. दोन्ही जोड्या आरशातल्या प्रतिमांसारख्या समोरासमोर ठेवलेल्या आहेत. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची धुसफूस पाहताना आपल्या मनात येते, की आश्विनशेठ आणि रेवती यांनी वेळीच मन निर्मळ केले नाही, तर आणखी वीस वर्षांनी त्यांचे घरही असेच होईल. हे वाक्य नाटकात कोणाच्याही तोंडी घालण्याची गरज उरत नाही. दोन चित्रे शेजारीशेजारी टांगली म्हणजे पाहणारा आपोआपच त्यांची तुलना करू लागतो.

पात्रांच्या नावांकडेही पाहा. फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि गडी आहे तो भादव्या. ही सारी महिन्यांची नावे. कृत्तिका, रेवती, मघा ही नक्षत्रांची नावे. पुरुष महिन्यांत आणि स्त्रिया नक्षत्रांत वाटून देवलांनी जणू सारे पंचांगच रंगभूमीवर उभे केले आहे! या नावांमुळे पडदा वर जाताच प्रेक्षकाला एक सूचना मिळते, की येथे कोणा खऱ्याखुऱ्या गृहस्थाच्या घरातली उणीदुणी काढायची नसून, सोंगट्यांच्या पटासारखा एक खेळ मांडला आहे. त्यामुळे आपण मोकळ्या मनाने हसू शकतो. कोणाच्या दुःखाला हसलो अशी टोचणी मनाला लागत नाही.

यापुढची युक्ती म्हणजे स्वगत भाषण. पात्र आपल्या मनातले विचार मोठ्याने बोलते; ते आपल्याला ऐकू येतात, पण शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू येत नाहीत, असे आपण नाटकात मानून चालतो. विचार केला तर ही चमत्कारिकच रीत! परंतु तिच्यामुळे प्रेक्षकाला असे स्थान मिळते, की जे नाटकातील एकाही पात्राला मिळत नाही. घटना खरोखर कशी घडली ते आपण पाहिलेले असते, आणि प्रत्येकाने तिचा कोणता अर्थ लावला तेही आपण ऐकलेले असते. डोंगरमाथ्यावर उभे राहून खालच्या नागमोडी वाटांकडे पाहणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी येणारे वाटसरू दिसतात. वाटसरूंना मात्र पुढचे वळण दिसत नाही. आपण प्रेक्षक त्या डोंगरमाथ्यावर असतो. पात्राचे अज्ञान आणि आपले ज्ञान यांमधील अंतरातूनच विनोद उत्पन्न होतो.

परंतु येथे एक शंका निघेल. प्रेक्षकाला सारे ठाऊक आणि पात्राला ठाऊक नाही, एवढ्यानेच हसू येते काय? नाही. याचे उत्तम उदाहरण खुद्द देवलांनीच देऊन ठेवले आहे. ‘फाल्गुनराव’ लिहिण्यापूर्वी तीन वर्षे, म्हणजे १८९० साली, त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकावरून ‘झुंजारराव’ हे नाटक लिहिले होते. त्या मूळ नाटकातही पत्नीविषयी संशय घेणारा पती आहे, तिथेही पत्नी सर्वस्वी निरपराध आहे, आणि तिथेही एक लहानशी वस्तू हातोहात फिरते. तसबिरीऐवजी तो एक हातरुमाल असतो, इतकेच. प्रेक्षकाला तेथेही सारे सत्य आरंभापासून ठाऊक असते. तरीही ते नाटक पाहताना एकही प्रेक्षक हसत नाही. उलट काळीज फाटते आणि ‘अरे, थांब! ती निष्पाप आहे!’ असे ओरडून सांगावेसे वाटते. एकच नाटककार, एकच विकार, जवळजवळ एकच साधन. मग एका नाटकात हसू आणि दुसऱ्यात अश्रू, असे का व्हावे?

याचे उत्तरही घडणीतच सापडते. त्या शोकनाटकात वस्तू आपोआप फिरत नाही. एक दुष्ट मनुष्य ती जाणूनबुजून फिरवतो आणि पतीच्या कानात विष ओततो. ‘संशयकल्लोळ’ नाटकात असा खलपुरुष नाही. जे घडते ते योगायोगाने घडते. तेथे एकट्या पतीचा संशय वाढत वाढत जातो आणि त्याला अडवणारे समोर काहीच नसते. येथे प्रत्येकजण प्रत्येकाचा संशय घेतो, त्यामुळे एकाचा संशय दुसऱ्याच्या संशयावर आदळतो. जो दुसऱ्याला जाब विचारायला निघतो, त्यालाच उलट जाब द्यावा लागतो. एकाच्याही हातून काही भयंकर घडण्याइतकी उसंत नाटककार कोणाला देत नाही. आणि सर्वांत मोठा फरक काळाचा. शोकनाटकात सत्य कळते, पण अपराध घडून गेल्यावर कळते. विनोदी नाटकात ते अपराध घडण्यापूर्वी कळते. थोडा उशीर आणि वेळेवर, या दोहोंमधील अंतर एवढेच. पण त्या अंतरात एका निरपराध जिवाचे मरण मावते.

म्हणूनच विनोदी नाटकाच्या शेवटी बहुधा सर्व पात्रे एकत्र आणलेली असतात. पुष्कळांना वाटते, की ही केवळ निरोपाची रीत आहे. पण ‘संशयकल्लोळ’ नाटकाचा शेवट पाहिला म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. नाटकभर सत्य कुठेही लपून बसलेले नव्हते. ते तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले होते. भोवळ आली हे रेवतीला ठाऊक, आधार का दिला हे फाल्गुनरावाला ठाऊक, तसबीर कोठे सापडली हे कृत्तिकेला ठाऊक, आणि ती मुळात कोणाला दिली हे आश्विनशेठला ठाऊक. प्रत्येकाच्या खिशात सत्याचा एकेक तुकडा होता आणि प्रत्येकजण आपला तुकडा म्हणजेच पूर्ण चित्र समजून भांडत होता. सारे एका जागी आले, आपापले बोलले, आणि तुकडे जुळून चित्र पुरे झाले. त्यासाठी पोलीस लागले नाहीत, साक्षीदार लागले नाहीत की न्यायाधीश लागला नाही. ‘ही तसबीर तुझ्याजवळ कशी आली?’ एवढा एकच प्रश्न कोणी शांतपणे विचारला असता आणि उत्तर ऐकून घेतले असते, तर हे नाटक पहिल्याच अंकात संपले असते!

आता जरा नाट्यगृहाबाहेर या. वर्गात एखाद्या मुलाचे नवे टाकपेन दिसेनासे होते. मधल्या सुट्टीत दुसरा एक मुलगा त्याच्या बाकाजवळ वाकलेला कोणीतरी पाहिलेला असतो. तो का वाकला होता, हे कोणीही पाहिलेले नसते. उरलेला अर्धा भाग सारा वर्ग रचतो. संध्याकाळपर्यंत त्या मुलाशी कोणी बोलेनासे होते. दुसऱ्या दिवशी पेन घरच्याच अभ्यासाच्या मेजाखाली सापडते. पण ज्याच्यावर आळ आला, त्याच्या मनावरचा ओरखडा इतक्या सहजासहजी भरून येत नाही. या प्रसंगात हसण्याजोगे काय आहे? काहीही नाही. आणि तरी ‘संशयकल्लोळ’ नाटकातील प्रसंगाशी त्याची घडण हुबेहूब जुळते. भेद इतकाच, की येथे आपण प्रेक्षकांत बसलेलो नसतो. आपण स्वतःच रंगभूमीवर असतो. पुढचे वळण आपल्याला दिसत नसते, आणि क्षणभर उशिरा आल्यामुळे अर्धेच दिसले आहे, याचीही आपल्याला कल्पना नसते.

चांगल्या विनोदी नाटकाचे मोठेपण यातच आहे. ते आपल्याला दोन अडीच तास डोंगरमाथ्यावर नेऊन बसवते आणि आपल्यासारखीच माणसे खालच्या वाटांवर कशी चुकतात ते दाखवते. आपण पोट धरून हसतो. परंतु पडदा पडल्यावर आपल्यालाही पुन्हा त्याच वाटांवर उतरायचे असते. त्या वेळी नाटकातील एखादे चटकदार वाक्य आठवले नाही तरी चालेल. आपल्या हाती सत्याचा एकच तुकडा आहे, उरलेले तुकडे दुसऱ्यांजवळ आहेत, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत, एवढी त्या नाटकाची घडण आठवली, तरी नाटकाला गेल्याचे सार्थक झाले असे समजावे.